काचेच्या वाफेचं बटण

मी एक जुनं, काळं, गोल बटण आहे. मोटारीतलं. गाडीच्या आतली हवा तोंडावर सोडायची, पायांवर सोडायची की पुढच्या काचेवर, एवढं ठरवणं हे माझं आयुष्यभराचं काम.

मित्रांनो, तुमच्या बाईंनी तुम्हाला 'मी फळा बोलतोय', 'मी छत्री बोलतेय' असले निबंध लिहायला लावले असतील. त्यातले फळे आणि छत्र्या फार गोड बोलतात. झिजल्याचंसुद्धा कौतुक सांगतात. मला ते जमत नाही. मी प्लास्टिकचा आहे, अंगावर एक पांढरी रेघ आहे, आणि गोड बोलावं असं माझ्याशी कुणी वागलेलं नाही. ऐकायचं तर ऐका, नाहीतर खेळायला जा.

माझा जन्म साच्यात झाला. एका दमात आम्ही चाळीस जण बाहेर पडलो. ज्यांची पांढरी रेघ वाकडी आली होती त्यांना तिथंच मशीनमध्ये टाकून भरडलं. मी वाचलो. तेव्हा मला वाटलं, आपल्यात काहीतरी विशेष आहे. विशेष बिशेष काही नव्हतं, रेघ सरळ होती एवढंच.

दोन हजार पाच साली मी ज्या गाडीत बसलो ती गाडी जोतीरामनं घेतली. जोतीराम हा सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळजवळचा ऊसवाला शेतकरी. सीना नदीच्या काठाला रान, घरी बायको सोजरबाई आणि एकुलता एक मुलगा इंद्रजीत. गाडी साधी होती. हवेसाठी तीन बटणं, त्यातला उजव्या टोकाचा मी. मला फिरवलं की मी टक् असा आवाज करायचो. सगळ्यात डावीकडून चार टक् मोजले की हवा थेट पुढच्या काचेवर. थंडीत काचेला आतून वाफ धरते ना, ती त्या हवेनं दहा-वीस श्वासांत निघून जायची.

जोतीरामनं मला पहिल्या वर्षी डोळ्यांनी बघितलं असेल. नंतर कधी बघितलंच नाही. डोळे रस्त्यावर, उजवा हात स्टिअरिंगच्या चाकावर, डावा हात माझ्यावर. टक् टक् टक् टक्. अंगणातल्या रांजणावरचा तांब्या अंधारातही हाताला लागतो, तसा मी त्याला लागायचो. मला त्याचा अभिमान होता हे कबूल करतो. कुणीतरी आपल्याकडं न बघता आपल्यावर विश्वास टाकतं, याच्याइतकं मोठं सुख बटणाला दुसरं नाही.

पाच वर्षांपूर्वी सोजरबाईची किडनी गेली. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी सोलापुरात डायलिसिस. सकाळी आठला मशीनवर बसायचं, उशीर झाला की मशीन दुसऱ्या पेशंटला. म्हणून दोघं साडेसहाला घर सोडायचे. तिला शेंगाचटणी बंद झाली, म्हणून जोतीरामनंही सोडली. सोलापूरच्या माणसानं शेंगाचटणी सोडणं ही काय गोष्ट आहे ते तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल.

मुलगा इंद्रजीत मोहोळमध्येच ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो. बायको अंकिता, गावातच वेगळं बिऱ्हाड. त्याला आईला नेणं-आणणं जमत नव्हतं. दुकान सोडून कसं जायचं, असं तो म्हणायचा. त्याचा एकच तोडगा ठरलेला होता.

"अण्णा, आईला सोलापुरातच ठेवू. सात रस्ता चौकाजवळ खोली बघतो. एक बाई ठेवू. तुम्ही हितं रान बघा."

सोजरबाई यावर एकच उत्तर द्यायची. "मला खोलीत मरायचं न्हाय. ह्यांला गाडी येती तवर मी माज्या घरात हाय."

म्हणजे लक्षात घ्या मित्रांनो. जोतीरामला गाडी चालवता येते, या एका गोष्टीवर त्या बाईचं घर टिकून होतं. ज्या दिवशी त्याला गाडी जमणार नाही त्या दिवशी ती सोलापूरच्या खोलीत. हे त्याला माहीत होतं, तिलाही माहीत होतं आणि मुलालाही.

गेल्या दसऱ्याच्या आधी आमची गाडी म्हातारी झाली म्हणून इंद्रजीतनं ती भंगारात घातली आणि नवी आणली. सोलापूरच्या मल्लिनाथ मिस्त्रीनं जुन्या गाडीचे सुटे भाग काढले तेव्हा जोतीराम तिथं उभा होता. सीट नको म्हणाला, टेप नको म्हणाला. "तेवडं काचंचं बटन द्या," म्हणाला. मल्लिनाथ हसला, पण त्यानं मला बुडासकट उपसून दिलं. मग मी म्हाताऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात राहू लागलो. बसल्या बसल्या तो मला फिरवायचा. टक् टक्.

नवीन गाडीत पुढं एक मोठी काळी पाटी होती. तुम्ही तिला स्क्रीन म्हणता. बटण म्हणून एक नाही. हवा पाटीत, गाणी पाटीत, काचेची वाफ घालवायची तीही पाटीत. खालच्या पंख्याच्या चित्राला बोट लावायचं, मग दुसरं पान उघडतं, त्यात सहा चित्रं, त्यातलं एक काचेचं. सगळी चित्रं एकाच मापाची, एकाच गुळगुळीत काचेवर. हाताला काही लागत नाही, बघावंच लागतं. आता गाडी चालवणाऱ्यानं पाटीकडं बघायचं तर रस्त्याकडं कुणी बघायचं, हे तिला बनवणाऱ्यांना कुणी विचारलं नसावं.

पण जोतीरामची पंचाईत याहून मोठी होती. पाटी त्याचं बोट ओळखायचीच नाही. उसाच्या पाल्यानं चिरलेली, उसाला पाणी देताना दारं धरून चिखलात फुगलेली आणि उन्हात वाळलेली ती बोटं. टोकांची कातडी वहाणेच्या तळासारखी झालेली. रेशनच्या दुकानातल्या मशीनलाही त्याचा अंगठा कधी कळला नाही. तो पाटीवर बोट दाबायचा, आणखी जोरात दाबायचा, पाटी ढिम्म. अंकितानं करंगळी टेकवली की लगेच पान उघडायचं.

"अण्णांच्या बोटात करंटच न्हाय," इंद्रजीत म्हणाला आणि सगळे हसले. जोतीरामही हसला. न हसून करतो काय? गाडी जमत नाही असं म्हणायची त्याला सोय नव्हती. पुढं त्याचं त्यानंच शोधून काढलं की बोटाला थुंकी लावली तर पाटी चारातून एकदा ऐकते. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, सगळं रीतसर. सोजरबाईनं ओवाळलं. जोतीराम चाकामागं बसला आणि सवयीनं त्याचा डावा हात पुढं गेला, जिथं मी असायला हवा होतो तिथं. हात गुळगुळीत प्लास्टिकवर फिरून परत आला. पाव्हणे बघत होते. इंद्रजीतला गंमत सुचली. त्यानं बापाच्या खिशातून मला काढलं, माझ्या बुडाला दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली आणि मला पाटीच्या खाली डकवलं. वर हळदकुंकूही लावलं.

"घ्या अण्णा, तुमचं बटण. फिरवा आता किती फिरवायचं ते."

जोतीरामनं फिरवलं. टक् टक् टक् टक्. अंकितानं त्याचा व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. सांगोल्याच्या पाव्हण्यांनी हसून हसून डोळ्यांत पाणी येणारे चेहरे पाठवले. माझ्यामागं वायर नव्हती, काही नव्हतं. मी नुसता चिकटवलेला होतो. मित्रांनो, तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला. पुन्हा त्या हाताखाली आलो, एवढंच मला कळलं.

दिवाळीनंतर थंडी पडली. एका मंगळवारी सीनेच्या पुलाजवळ काचेला वाफ धरली. जोतीरामनं मला चार टक् फिरवलं आणि काय सांगू, खरोखर काचेवर हवा आली. काच लख्ख झाली. यात माझा काही हात नव्हता. अंकितानं पाटीत 'ऑटो' लावून ठेवलं होतं, वाफ धरली की गाडी आपोआप हवा सोडायची. पण म्हाताऱ्याला ते कुठं माहीत? तो हरखला.

संध्याकाळी त्यानं इंद्रजीतला फोन करून विचारलं, "का रं, ते बटन तू खरंच जोडलंय व्हय?"

इंद्रजीत दुकानात गिऱ्हाईकाशी बोलत होता. फोन हातानं झाकल्यासारखा आवाज जरा दबला, मग तो म्हणाला, "मग? मल्लिनाथकडून वायर टाकून घेतलीय. तुमच्यासाठी स्पेशल."

"लई बेस केलंस बग," जोतीराम म्हणाला.

हा फोन जोतीरामनं गाडीतच बसून, मोठा आवाज करून लावला होता, म्हणून मी शब्द न् शब्द ऐकला. मागं कुणीतरी फिसकन हसलंही. इंद्रजीत मनानं वाईट नाही असं गावात म्हणतात. मी म्हणत नाही.

सोजरबाईला मात्र शंका होती. "आवं, त्या पोराच्या बोलन्यावर जाऊ नगा. त्यो चेष्टंतबी आसंच बोलतोय."

"आगं, हवा येती की. तुज्या डोळ्यानं बगितलीस न्हवं?"

तिनं बघितली होती हे खरं होतं. पुढचे पाच-सहा आठवडे असेच गेले. तो फिरवायचा, ऑटो हवा सोडायचं आणि श्रेय मला मिळायचं. फुकटचं श्रेय फार गोड लागतं, मित्रांनो. मी ते घेतलं.

जानेवारीच्या एका गुरुवारी इंद्रजीत गाडी सर्व्हिसिंगला घेऊन गेला. परत देताना तिथल्या माणसानं सांगितलं, "सिस्टीमला अपडेट मारलाय. तुमची सेटिंग सगळी गेली असणार, एकदा बघून घ्या." इंद्रजीत फोनवर होता. हो हो म्हणाला. ऑटो बंद झालं होतं. त्यानं बघितलं नाही. गाडी बापाच्या दारात लावली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी पावणेसात वाजता आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. उजाडलं होतं, पण सीनेवरून धुकं आलं होतं. लांबोटी गाव ओलांडायच्या आधीच काच आतून धरायला लागली. सोजरबाई डाव्या बाजूला, अंगावर शाल, मांडीवर कागदांची पिशवी.

जोतीरामनं हात पुढं केला आणि मला फिरवलं. चार टक्. मग तो वाट बघू लागला.

हवा आली नाही.

त्यानं मला मागं फिरवलं, पुन्हा पुढं फिरवलं. मी माझ्या परीनं जे करायचं ते सगळं केलं. टक् केलं. माझ्याकडं दुसरं काय होतं? तो माझ्यावर विसंबून थांबला आणि मी त्याला आवाज देत राहिलो, जणू काही काम चालूच आहे. मी मुका असतो तर त्यानं मला पहिल्याच फटक्याला सोडलं असतं. माझ्या आवाजापायी त्यानं मला तीनदा फिरवलं.

"थांबा की जरा कडंला," सोजरबाई म्हणाली.

"मागं ट्रॅव्हल्स हाय. हितं थांबलो तर अंगावर येतीय. आन आठला पोचायचंय."

तिनं पदराचं टोक धरलं आणि पुढं वाकून त्याच्या बाजूची काच पुसू लागली. पुसली की पुन्हा धरायची. मग जोतीरामनं पाटीकडं हात नेला. पंख्याच्या चित्राला बोट लावलं. पाटी ढिम्म. बोट तोंडात घालून ओलं केलं, पुन्हा लावलं. पान उघडलं. अपडेटनं चित्रांच्या जागाही बदलल्या होत्या. काचेचं चित्र शोधायला तो पाटीकडं वाकला.

तीन सेकंद. मी मोजले, मला मोजायची सवय आहे. पन्नासच्या वेगात तीन सेकंदांत गाडी चाळीस मीटर पळते. त्या चाळीस मीटरच्या शेवटी उसाची ट्रॉली उभी होती. पंक्चर झालेली, चाकामागं दगड लावलेली, मागं ना दिवा ना लाल पट्टी. ट्रॅक्टरवाला चन्नप्पा जॅक आणायला चालत गेला होता.

जोतीरामनं मान वर केली आणि चाक उजवीकडं ओढलं. कुणीही उजवीकडंच ओढतो. हात आपल्या जिवाला आधी वाचवतो, मागून विचार करतो. त्याची बाजू सुटली. डावी बाजू ट्रॉलीखाली गेली. सोजरबाई अजून पुढं वाकलेली होती, पदर हातात होता.

ती जागेवरच गेली. जोतीरामचा डावा पाय मोडला आणि कपाळ फुटलं. तो शुद्धीवर होता. लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा तो सांगत होता, "मी फिरवलं हुतं. मी फिरवलं हुतं."

पोलिसांच्या आधी इंद्रजीत आला. मोहोळहून लांब नाही ते. तो धावत आला, रडत होता, खरं रडत होता, त्यात खोटं काही नव्हतं. आईकडं बघितलं. बापाला रुग्णवाहिकेत घालत होते तिकडं बघितलं. मग बाप काय बोलतोय ते त्याच्या कानावर पडलं. त्याचं रडणं थांबलं. तो गाडीत वाकला, मला पकडलं आणि नखानं पट्टीसकट उचकटलं. त्याची आई हातभर अंतरावर होती. तिचा चेहरा अजून कुणी झाकला नव्हता. त्यानं मला खिशात टाकलं आणि मगच तिचा पदर तिच्या तोंडावर ओढला.

चौथ्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात पोलीस जमादार जबाब घ्यायला आले. जोतीराम खाटेवर, पाय प्लास्टरात. खाटेशेजारी स्टुलावर इंद्रजीत. मी त्याच्या पँटच्या खिशात. मला कुठं टाकावं ते त्याला अजून सुचलं नव्हतं.

"आजोबा, सांगा, काय झालं?"

"काच धरली साहेब. मी काचंचं बटन फिरवलं. चार टक्. पर हवा आली न्हाय. मग त्या टीव्हीत बगाया गेलो."

जमादारांनी कागद उलटले. "आजोबा, पंचनामा मी केलाय. त्या गाडीत बटणच नाही. पुढं सगळी काच आहे."

"हाय की. ह्यानं बशिवलंय. वायर टाकून. इंद्रजीत, सांग की साहेबास्नी."

खिशात इंद्रजीतचा हात आला आणि त्यानं मला मुठीत गच्च धरलं. इतकं गच्च, की मला तसूभर फिरता येईना. मी त्या क्षणी एक टक् केला असता तरी म्हाताऱ्यानं तो आवाज हजारात ओळखला असता. ते इंद्रजीतला माहीत होतं, म्हणूनच त्यानं मूठ आवळली होती.

"कसलं बटण, अण्णा?" इंद्रजीत म्हणाला.

जोतीराम त्याच्याकडं बघत राहिला. जमादारांनी पेन खाली ठेवलं. डोक्याला मार आहे, त्यांना घाई करू नका, असं नर्स म्हणाली.

"न्हवतं व्हय?" जोतीरामनं विचारलं.

"नव्हतं, अण्णा."

"मग मला भास झाला आसंल," जोतीराम म्हणाला. "लिवा साहेब. माजंच चुकलं. ध्यान न्हवतं माजं." आणि त्यानं त्याच बोटांनी पेन धरून सही केली.

तेराव्याला मांडवात पाव्हणे बसले होते, मी अजून इंद्रजीतच्या खिशातच होतो. कुणीतरी गाड्यांचा विषय काढला. इंद्रजीत म्हणाला, "आता घेणार असाल तर बटणंवालीच घ्या. ह्या स्क्रीनच्या गाड्या धोक्याच्या. चालवताना डोळे खाली जातात. अनुभवानं सांगतो." सगळ्यांनी माना हलवल्या. शहाणं पोरगं, आईवेगळं झालं बिचारं. शेजारच्या खाटेवर पाय लांब करून बसलेल्या जोतीरामनंही मान हलवली. मग आपण होऊन सगळ्यांना सांगू लागला, "माज्या डोक्यात बटन हुतं. गाडीत न्हवतंच. म्हातारपन वाईट. तिला मीच मारली." दसऱ्याची गंमत बघितलेले पाव्हणेही तिथं होते, पण ती त्याच दिवशी संपली असं त्यांना वाटत होतं.

त्याचं ते सांगणं अजून थांबलेलं नाही, अंकिता घरात बोलते त्यावरून मला कळतं. जो येईल त्याला सांगतो. इंद्रजीत समोर असला तर तोंड फिरवतो, पण एकदाही म्हणाला नाही की अण्णा, गप्प बसा, तसं नव्हतं.

मित्रांनो, आता माझ्या निबंधाचा शेवट. या ठिकाणी तुम्हाला वाटत असेल की हा म्हणणार, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. खुशाल फेका जुन्या वस्तू. मला भंगारात घातलं असतं तर बरं झालं असतं, एक बाई जिवंत राहिली असती. फक्त माणूस न बघता ज्यावर हात ठेवतो, तिथं त्याला खोटं काही देऊ नका, गमतीनं तर मुळीच नको. त्याला जमत नसेल तर शेजारी बसून शिकवा. शिकवायला वेळ नसेल तर तसं तोंडावर सांगा.

मी सध्या इंद्रजीतच्या कपाटात, जुन्या मोज्यांच्या खाली आहे. मला पाय नाहीत आणि मला जे बोलता येतं ते कुणाला ऐकू जात नाही. तुम्हाला पाय आहेत. कधी मोहोळकडं गेलात, आणि सीनेच्या काठाला दारात खाटेवर बसलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'तिला मीच मारली' म्हणून सांगणारा म्हातारा दिसला, तर त्याच्याजवळ जा. त्याला एवढंच सांगा की बटण होतं.